आधी मोजणी, मग औषध: नव्या मधपाळाने वसाहतीचे आरोग्य कसे तपासावे

मधमाश्यांची पहिली पेटी घरी आणणारा माणूस साधारणतः दोनच प्रश्न विचारतो: मध कधी मिळेल आणि माश्या फार डसतात का. ही वसाहत निरोगी आहे की आजारी, हे आपल्याला कसे कळणार, हा तिसरा प्रश्न बहुतेकांना पहिला हंगाम हातचा गेल्यावरच सुचतो. मलाही तो उशिराच सुचला. मधमाश्या पाळायला लागल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात एका पेटीतील पिल्ले विरळ दिसू लागली, तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून मी कोळ्यावरचे, म्हणजे माश्यांना लागणाऱ्या एका बारीक परजीवीवरचे, औषध लावून मोकळा झालो. पेटीत कोळी जवळजवळ नव्हताच. पराग संपला होता आणि उपाशी कामकरी माश्या स्वतःच्याच अळ्या खाऊन टाकत होत्या. साखरेचा पाक आणि परागाची पर्यायी कणीक दिली असती तर जी वसाहत सहज तरली असती, ती मी औषधाच्या वासात बुडवली. म्हणून पुढे जे सांगणार आहे त्यात औषधाला जागा थोडी आहे आणि पाहण्याला, मोजण्याला अधिक.

पहिली पायरी: पेटीत कोणती माशी आहे ते नीट जाणून घ्या

आग्या आणि फुलोरी या माश्या उघड्यावर एकच पोळे बांधतात, त्यामुळे त्या पेटीत पाळता येत नाहीत. महाराष्ट्रात पेटीत पाळल्या जाणाऱ्या मुख्य माश्या दोन. एक सातेरी, म्हणजे झाडांच्या ढोलीत आणि दगडांच्या कपारीत समांतर पोळी बांधणारी आपली मूळची माशी, जिच्या पेट्या महाबळेश्वरच्या डोंगराळ भागात आणि कोकणात पिढ्यान्‌पिढ्या ठेवल्या जातात. दुसरी मेलिफेरा, जिला बोलताना सरसकट इटालियन माशी म्हणतात. पंजाब कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात हिमाचल प्रदेशातील नगरोटा बगवान येथे ती यशस्वीपणे रुजवली आणि तेथून ती देशभर पसरली.

हा भेद केवळ माहितीसाठी नाही. आजार शोधण्याची सगळी दिशा त्यावर ठरते. मेलिफेराचा जगभरचा सर्वांत मोठा शत्रू व्हरोआ हा कोळी आहे, पण त्याचा मूळ यजमान सातेरीच्याच जातीची आशियाई माशी आहे. (कोळी म्हणजे जाळे विणणारा नव्हे. वांग्यावर किंवा मिरचीवर शेतकरी ज्याला लाल कोळी म्हणतात, त्या प्रकारचा हा बारीक जीव.) औडेमान्स यांनी १९०४ मध्ये जावा बेटावरील आशियाई माशीवर सापडलेल्या कोळ्याचे वर्णन करून त्याला व्हरोआ जेकबसोनी हे नाव दिले. पुढे मेलिफेराचा नाश करणाऱ्या कोळ्यालाही अनेक दशके हेच नाव चालले. २००० साली डेनिस अँडरसन आणि जॉन ट्रूमन यांनी हा कोळी वेगळ्या जातीचा असल्याचे दाखवून त्याला व्हरोआ डिस्ट्रक्टर असे नाव दिले.

हजारो वर्षांच्या सहवासात आशियाई माशीने या कोळ्याशी एक प्रकारचा तह केलेला आहे. तिच्या वसाहतीत व्हरोआची वीण जवळजवळ पूर्णपणे पोळ्यातल्या नर वाढणाऱ्या घरांतच होते आणि नरांची पैदास वर्षातले थोडेच दिवस असते. कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरचे कोळी काढून चावतात. एखाद्या नराच्या कोषात कोळी फार झाले, तर तो दुबळा नर आतून टणक झाकण फोडू शकत नाही आणि कोळ्यांसकट तेथेच गाडला जातो. मेलिफेराला हा तह करायला वेळच मिळालेला नाही. तिच्या कामकरी माश्यांच्या घरांतही कोळी बिनधास्त वाढतो. त्यामुळे मेलिफेराच्या पेटीत व्हरोआ मोजणे हे नित्यकर्म आहे आणि सातेरीच्या पेटीत लक्ष दुसरीकडे ठेवावे लागते. त्याकडे मी शेवटी येईन.

दुसरी पायरी: पेटी उघडण्याची तयारी

शक्य असेल तर एका पेटीऐवजी दोन पेट्यांपासून सुरुवात करावी. एकच पेटी असली की तिची तुलना कशाशी करायची हे नवख्याला कळत नाही. दोन असल्या तर एक मागे पडते आहे, हे आपोआप डोळ्यांत भरते. पाऊस ओसरून फुलोरा सुरू झाल्यावरचा काळ सुरुवातीस बरा.

तपासणी कोरड्या, उन्हाच्या आणि वारा नसलेल्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास करावी, कारण त्या वेळी वयस्क माश्या बाहेर कामाला गेलेल्या असतात. जाळीचा मुखवटा, हातमोजे, पटाशी आणि धुराडे ही चार साधने पुरतात. धुराड्यात नारळाचा सुका काथ्या किंवा गोणपाट चांगला जळतो. दाराशी दोन-तीन फुंकर धूर पुरे होतो, पेटी धुराने भरून टाकू नये. माश्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत उभे न राहता पेटीच्या मागे किंवा बाजूला उभे राहावे. माशी डसलीच तर काटा नखाने खरवडून लगेच काढावा. डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, घशात सूज जाणवली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे.

झाकण काढण्यापूर्वी पाच मिनिटे नुसते दाराकडे पाहावे. पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन माश्या आत जात असतील, तर आत अळ्या वाढत आहेत असे समजावे. दारासमोर चुरगळलेल्या, आखूड पंखांच्या माश्या सरपटताना दिसल्या, तर व्हरोआ पसरवत असलेल्या पंखविकृती विषाणूची शंका घ्यावी. एकाच दिवसात दारापुढे मेलेल्या माश्यांचा खच पडला असेल आणि अनेकींच्या जिभा बाहेर आलेल्या असतील, तर तो बहुधा आजार नसून आसपासच्या पिकावर झालेल्या कीटकनाशक फवारणीचा परिणाम असतो. कोळ्याने होणारा ऱ्हास असा एका दिवसात दिसत नाही, तो आठवड्यांनी उमटतो. कांदा बीजोत्पादनाच्या किंवा डाळिंबाच्या बागेजवळ पेट्या ठेवणाऱ्यांनी शेजाऱ्यांशी आधीच बोलून फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर करण्याची विनंती केलेली बरी.

तिसरी पायरी: पोळे वाचायला शिका

कडेची चौकट (पोळे धरणारी लाकडी फ्रेम) आधी काढून बाजूला ठेवावी, म्हणजे मधल्या चौकटी घासल्याशिवाय सरळ वर येतात आणि राणी चिरडण्याचा धोका टळतो. प्रत्येक वेळी राणी दिसायलाच हवी असा अट्टहास नको. घराच्या तळाशी उभी, एकेकटी, तांदळाच्या बारीक कणीसारखी अंडी दिसली, की गेल्या तीन दिवसांत राणी तेथे होती हे सिद्ध होते.

मेलिफेराची कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांनी बाहेर येते: सुमारे ३ दिवस अंडे, ६ दिवस अळी आणि १२ दिवस बंद घरातला कोष. राणीला १६ दिवस लागतात आणि नराला २४. हे आकडे पाठ करावेत, कारण पुढचे सगळे उपाय याच हिशेबावर चालतात.

निरोगी अळी मोत्यासारखी पांढरी, चकाकती आणि घराच्या तळाशी अर्धचंद्राकार पडलेली असते. बंद घरांची झाकणे कोरडी, एकसारख्या रंगाची आणि किंचित फुगीर असतात आणि मधली रिकामी घरे थोडीच असतात. खोल गेलेली, ओलसर किंवा भोक पडलेली झाकणे दिसली की थांबावे. अळी झाकण पडण्यापूर्वीच पिवळट होऊन घरात वेडीवाकडी पडली असेल आणि आंबूस वास येत असेल, तर युरोपियन फाउलब्रूड या जिवाणूजन्य रोगाची शंका येते. अळी झाकणाखाली तपकिरी, चिकट झाली असेल तर आगपेटीची काडी आत बुडवून हळूहळू वर ओढावी. चिकट तार दोन-तीन सेंटिमीटर लांब आली, तर तो अमेरिकन फाउलब्रूड हा दुसरा जिवाणूजन्य रोग असू शकतो आणि त्याचे बीजाणू पोळ्यात व लाकडात अनेक दशके टिकतात. अशा वेळी चौकटी दुसऱ्या पेटीत हलवू नयेत, पटाशी आगीत तापवून घ्यावी आणि नमुना तज्ज्ञाकडे न्यावा. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात आहे, आणि राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. नवख्याने प्रशिक्षणासाठी तरी यांपैकी एका ठिकाणी जाऊन यावेच. दुकानातून प्रतिजैविक आणून पाकात मिसळण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्याचा अंश मधात उतरतो आणि रोग मरण्याऐवजी दबून राहतो.

चौथी पायरी: कोळी मोजा

मेलिफेराच्या पेटीसाठी ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. कारण सरळ आहे: डोळ्यांना कोळी दिसत नाही म्हणून तो नाही, असे वाटते. व्हरोआची मादी लालसर तपकिरी, सुमारे १.१ मिलिमीटर लांब आणि १.६ मिलिमीटर रुंद, म्हणजे लांबीपेक्षा रुंदीने मोठी आणि खेकड्यासारखी चपटी असते. ती माशीच्या पोटाखालच्या पट्ट्यांमध्ये शिरून बसते, त्यामुळे पाठीवर कोळी दिसू लागेपर्यंत प्रादुर्भाव बराच वाढलेला असतो. शिवाय पिल्ले भरपूर असताना बहुतांश कोळी बंद घरांत असतात. मादी कामकरी अळीच्या घरात झाकण पडण्यापूर्वी १५ ते २० तास आधी शिरते, झाकण पडल्यावर अडीच-तीन दिवसांनी पहिले अंडे घालते, ज्यातून नर निघतो, आणि नंतर साधारण ३० तासांच्या अंतराने माद्या निघणारी अंडी घालत जाते. बहीण-भावांचे मीलन त्याच अंधाऱ्या घरात होते आणि तरुण माशीबरोबर वयात आलेल्या लेकी बाहेर पडतात. नराच्या घरात बंद काळ अधिक असल्यामुळे कोळ्याची पसंती त्याला आहे.

हा कोळी माशीचे रक्त पितो असे वर्षानुवर्षे मानले जाई. २०१९ मध्ये सॅम्युएल रॅम्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माश्यांच्या शरीरातील द्रवाला आणि मेदपिंडाला वेगवेगळे चमकणारे रंग देऊन कोळ्याच्या पोटात काय उतरते ते पाहिले, तेव्हा प्रौढ माश्यांवरचा कोळी मुख्यतः मेदपिंड खातो असे दिसले. कीटकाचे मेदपिंड आपल्या यकृतासारखे बरेच काम करते. साठवण, रोगप्रतिकार आणि विषाचा निचरा हे सारे त्याच्यावर अवलंबून असते. थोड्या कोळ्यांनीही माशी इतकी का खचते, याचा उलगडा यातून होतो.

मोजणीची सोपी पद्धत पिठीसाखरेची आहे. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यावी आणि तिच्या झाकणाला सुमारे तीन मिलिमीटर छिद्रांची जाळी बसवावी, म्हणजे कोळी गळतील पण माश्या अडतील. उघड्या अळ्या असलेली चौकट निवडावी, कारण अळ्या भरवणाऱ्या तरुण माश्यांवर कोळी जास्त असतात, आणि तिच्यावर राणी नाही याची दोनदा खात्री करावी. चौकट पसरट भांड्यात झटकून अर्धा कप माश्या बरणीत घ्याव्यात. त्या सुमारे ३०० भरतात. जाळीतून दोन मोठे चमचे कोरडी पिठीसाखर टाकून बरणी हळूहळू लोळवावी, दोन मिनिटे सावलीत ठेवावी आणि मग उलटी करून पांढऱ्या ताटावर मिनिटभर जोराने हलवावी. ताटात पाणी शिंपडले की साखर विरघळते आणि कोळी तपकिरी ठिपक्यांसारखे उरतात. संख्येला तीनने भागले की शंभर माश्यांमागचे प्रमाण मिळते. साखरेने माखलेल्या माश्या पेटीत सोडल्या की त्या एकमेकींना चाटून साफ करतात. हवा दमट असेल तर साखरेचे गोळे होतात आणि आकडा खोटा कमी येतो, म्हणून पावसाळ्यात ही पद्धत विश्वासार्ह नाही. तेव्हा तेवढ्याच माश्या साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये घुसळून मोजाव्यात. त्यात त्या ३०० माश्या मरतात, पण मोजणी अधिक अचूक होते. हजारोंच्या वसाहतीत हा तोटा सोसण्याजोगा आहे, तरी मन घट्ट करावे लागते हे खरे.

शंभर माश्यांमागे एकापेक्षा कमी कोळी असतील तर महिन्याने पुन्हा मोजावे. अमेरिकेतील मधपाळांच्या मार्गदर्शिका साधारण दोन ते तीनच्या पुढे उपचार सुचवतात, आणि आपल्याकडेही नवख्याने हाच आकडा इशारा म्हणून धरायला हरकत नाही.

याच वेळी दुसऱ्या एका कोळ्यावरही नजर ठेवावी. ट्रॉपिलेलॅप्स हा मूळचा आग्या माशीचा कोळी आहे आणि जेथे आग्याची पोळी जवळ लटकतात तेथे तो मेलिफेराच्या पेटीत येतो. तो व्हरोआपेक्षा लहान, रुंदीपेक्षा लांबीने मोठा आणि पोळ्यावर भराभर पळणारा असतो. साखरेच्या मोजणीत तो फारसा सापडत नाही, कारण तो प्रौढ माशीवर थोडाच वेळ राहतो. त्यासाठी बंद कोष चिमट्याने उघडून पाहावे, किंवा चौकट पांढऱ्या ताटावर आपटून काय पळते ते बघावे.

पाचवी पायरी: आकडा वाढला तर काय करावे

माझ्या मते नवख्याचा पहिला उपाय रासायनिक नसावा. राणीला लहान पिंजऱ्यात २४ दिवस ठेवले, तर त्या काळात नवे अंडे पडत नाही आणि शेवटचा नरही घराबाहेर येतो. ट्रॉपिलेलॅप्सला प्रौढ माशीवर पोट भरता येत नाही, त्यामुळे पिल्ले संपली की तो दोन-तीन दिवसांत उपासमारीने मरतो. व्हरोआ मरत नाही, पण त्याची लपण्याची जागा जाते आणि सगळे कोळी माश्यांच्या अंगावर उघडे पडतात. एकाच कृतीने एक कोळी संपतो आणि दुसरा टप्प्यात येतो. वसाहत सशक्त असेल, तर तिचे विभाजन करून राणी नसलेल्या भागाला नवी राणी वाढवू दिली तरी तीन-चार आठवड्यांचा असाच खंड मिळतो. याखेरीज नरांच्या घरांची एक चौकट मुद्दाम द्यावी आणि ती बंद झाल्यावर, नर बाहेर पडण्यापूर्वी काढून नष्ट करावी. काढायचा दिवस विसरला तर हीच चौकट कोळ्यांचा कारखाना होते, म्हणून दिनदर्शिकेवर खूण करावी.

पिल्ले नसतानाच ऑक्झॅलिक आम्ल खऱ्या अर्थाने काम करते, कारण ते मेणाच्या झाकणाआड पोहोचत नाही. समप्रमाणात साखर आणि पाणी घेऊन केलेल्या एक लिटर पाकात ३५ ग्रॅम स्फटिक विरघळवून, माश्यांनी भरलेल्या दोन चौकटींमधील प्रत्येक फटीत ५ मिलिलिटर सोडतात, आणि एका वसाहतीला एकूण ५० मिलिलिटरच्या पुढे जात नाहीत. फॉर्मिक आम्लाची वाफ झाकणाआडही पोहोचते, पण हवा ३० अंश सेल्सिअसच्या वर गेली की तिने राणी आणि पिल्ले मरण्याचा धोका वाढतो, त्यामुळे विदर्भाच्या किंवा मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिचा विचारही नको. दोन्ही आम्ले त्वचा आणि डोळे जाळतात. पहिल्यांदा ती अनुभवी मधपाळाच्या देखरेखीखालीच, चष्मा व रबरी हातमोजे घालून वापरावीत, आणि मधकोठी (मध साठवण्याचा वरचा कप्पा) चढवलेली असताना कधीच वापरू नयेत.

उपचारानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावे. दुसरी मोजणी नसेल तर औषध लागू पडले की कोळी त्याला सरावला आहे, हे कळायला मार्ग नाही. फ्लुव्हॅलिनेट या कोळीनाशकाच्या पट्ट्यांना न जुमानणारे कोळी अनेक देशांत निपजले आहेत.

सातेरीच्या पेटीसाठी वेगळा नियम

सातेरीची पेटी वारंवार उघडू नये. ही माशी त्रास झाला की पोळी, मध सारे टाकून निघून जाते. साखरेची बरणी तिच्यासाठी नाही. तिच्यात पाहायचे ते थाई सॅकब्रूड. हा विषाणू १९७६ मध्ये थायलंडमध्ये आढळला, १९७८ च्या सुमारास ईशान्य भारतात दिसला आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस दक्षिण भारतात पसरून त्याने केरळातील बहुसंख्य सातेरी वसाहती संपवल्या. रोगट अळी कोष होण्यापूर्वी घरात उताणी, डोके वर करून मरते. ती चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या लहान पिशवीसारखी सुटून येते आणि सुकल्यावर होडीच्या आकाराची खपली होते. यावर औषध नाही. रोगट पोळी काढून जाळणे, माश्यांना थोड्या पोळ्यांवर दाटीने बसवणे, चांगले खाद्य देणे आणि ज्या वसाहती रोगातून स्वतः तरल्या त्यांच्यापासूनच नव्या राण्या वाढवणे, एवढेच हाती आहे.

महाबळेश्वराजवळील मांघर हे गाव २०२२ मध्ये राज्याने मधाचे गाव म्हणून पुढे आणले. जांभूळ आणि हिरड्याच्या फुलोऱ्यावर जगणाऱ्या अशा सातेरी-भागात मेलिफेराच्या पेट्या आणून ठेवू नयेत, असे मला ठामपणे वाटते. दोन्ही जातींनी एकमेकींच्या पेटीतला मध चोरणे, अन्नाची स्पर्धा आणि रोगांची देवाणघेवाण एकाच डोंगरावर कशाला ओढवून घ्यायची?

राणी निवडताना सुईची चाचणी

निरोगी वसाहतीच्या कामकरी माश्या झाकणाआडची आजारी अळी ओळखतात, झाकण काढतात आणि तिला बाहेर फेकतात. या सवयीचा वारसा वॉल्टर रोथेनब्यूलर यांनी १९६४ मध्ये प्रयोगाने दाखवला, आणि पुढे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मार्ला स्पिवाक यांनी त्यावर निवड करून वसाहती वाढवल्या. घरी हीच गोष्ट साध्या बारीक सुईने पाहता येते. गुलाबी डोळ्यांचे कोष असलेल्या शंभर बंद घरांचा चौकोन आखावा, प्रत्येक झाकणातून सुई टोचून कोष मारावा, चौकट परत ठेवावी आणि २४ तासांनी किती घरे पूर्ण साफ झाली ते मोजावे. सर्व वसाहतींवर चाचणी एकाच दिवशी करावी आणि ज्या वसाहतीने सर्वाधिक घरे साफ केली, तिच्याच राणीच्या लेकी पुढच्या हंगामासाठी वाढवाव्यात.

नोंदी आणि किरकोळ शत्रू

मेणपतंगाची अळी सशक्त वसाहतीत टिकत नाही, म्हणून माश्यांनी न झाकलेली पोळी पेटीत ठेवू नयेत आणि दोन-तीन वर्षांची काळी पडलेली पोळी वितळवावीत. मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, गांधीलमाश्यांसाठी अरुंद दार आणि पाक देताना एकही थेंब बाहेर न सांडणे, तोही संध्याकाळी, एवढे पुरते. वेडा राघू तारेवर बसून माश्या टिपतो, त्याला टिपू द्यावे.

प्रत्येक पेटीला क्रमांक द्यावा आणि वहीत प्रत्येक तपासणीची एक ओळ लिहावी: तारीख, अंडी दिसली का, बंद पिल्लांच्या चौकटी किती, मध-परागाचा साठा किती, शंभर माश्यांमागे कोळी किती आणि काय उपचार केला. मेलिफेराची पेटी हंगामात दहा ते पंधरा दिवसांनी पाहावी, कोळ्याची मोजणी महिन्यातून एकदा करावी, आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वीची व तो संपल्यानंतरची मोजणी कोणत्याही कारणाने चुकवू नये.